नकाराची नोंद

"आई नको म्हणाली. लिहून टाका, सिस्टर."

भाग्यश्री हे माझ्याकडं न बघता बोलली. आईच्या पायांवरची चादर ती सारखी करत होती. चादर आधीच सारखी होती.

मी फाइल उघडली आणि लिहिलं:

*सकाळी १०.१०. गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवण्याबाबत रुग्णास विचारले. पती व मुलगी हजर. रुग्णाने*

वाक्य तिथंच तुटलेलं आहे. बारा वर्षं झाली, त्या पानावर ते अजून तसंच असेल.

पलंगावर गिरिजाकाकी शेटे होत्या. वय छप्पन्न. विट्याला आयटीआयच्या पोरांसाठी त्यांनी बावीस वर्षं खानावळ चालवली. दीड वर्षापूर्वी भाकरी थापताना डावा हात ऐकेना. मग उजवा. मग पाय, जीभ, मान. आजाराचं नाव एएलएस. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा मरत जातात, मेंदू मात्र शाबूत राहतो. आता काकींचे डोळे तेवढे हलत होते. वर बघितलं की हो. डोळे मिटून धरले की नाही. नाकातोंडावर घट्ट मास्क होता आणि उशाशी हवा ढकलणारं यंत्र घुसघुसत होतं.

दहा वाजता डॉ. सबनीस येऊन गेले होते. त्यांनी दारातच मला सांगितलं, "एक वाजता थिएटर मोकळं आहे. नळी बसवायची तर आज. मास्कवर त्या फार दिवस काढणार नाहीत. आणि विचारायचं ते आत्ता विचारा. अंगात कार्बन डायऑक्साइड साठतोय. संध्याकाळी उत्तर द्यायला त्या जाग्या असतीलच असं नाही."

मी विचारलं. नवरा डाव्या बाजूला, मुलगी उजव्या बाजूला. काकींनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा मुलीकडं. आणि डोळे मिटले.

झालं एवढंच होतं.

*

*सकाळी १०.४०. नकाराच्या फॉर्मवर पतीची सही घेणे बाकी.*

का बाकी, ते फाइलमध्ये नाही.

व्हरांड्यातल्या बाकावर आप्पा फॉर्म मांडीवर घेऊन चष्मा शोधत होते. फॉर्मवर दोन चौकटी होत्या: संमती, नकार. आप्पा म्हणजे शिवलिंग शेटे, काकींचा नवरा, विट्याचा यंत्रमागावरचा माणूस. चष्मा खिशातच सापडला. तो पुसता पुसता ते बोलायला लागले. सही पुढं ढकलायला माणसं बोलतात तसं.

"तुम्हाला सांगतो, सिस्टर. हिला काय पण विचारा, पहिलं नको. लग्नात हिच्या मामानं विचारलं, पोरगा पसंत हाय का? नको म्हणाली."

"मग?"

"मग काय. हितं बसलोय की मी."

भाग्यश्री नऊ दिवसांत पहिल्यांदा हसली.

"साडी घेऊया? नको. जत्रेला येतीस? नको. अन् मी आवरून बाहेर येतोय तर ही पायात चपला घालून पायरीवर. नुसती दुसऱ्यांदा विचारायची वाट ब—"

आप्पा थांबले.

पेन नकाराच्या चौकटीवर टेकलेलं होतं. टोकाशी शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"आप्पा," भाग्यश्री म्हणाली. "ही साडी नाही."

"मी कुठं काय म्हणलं?"

"मनात आलं तुमच्या. दिसलं मला." मग ती माझ्याकडं वळली. "आणि तुमच्या पण आलं. आता काय, आईला आग्रह करणार? पंगतीत पोळी वाढतात तसा?"



माझ्या मनात आलेलं लपवण्यासारखं होतं. नऊ दिवस मी काकींना विचारत होते: कूस बदलू? डोळे मिटायच्या. उशी काढू? मिटायच्या. मान दुखतेय? मिटायच्या. सवयीनं परत विचारलं की डोळे वर. दर वेळी. मला वाटलं, डोळ्यांचे स्नायू दमलेत, पहिला इशारा चुकतोय. तशी सूचना मी माझ्या हातानं पलंगाच्या डोक्याशी चिकटवली होती: *काकींना दोनदा विचारा. पहिला इशारा भरवशाचा नाही.*

चौदा वर्षं नोकरी. वाट्याला आलेले एएलएसचे अकरा पेशंट. आणि मी एका बाईच्या रीतभातीला स्नायूंचा थकवा ठरवलं होतं.

"सिस्टर, सही करू का नको?" आप्पांनी विचारलं.

"थांबा."

"किती वेळ?"

घड्याळात पावणेअकरा झाले होते.

*

*११.१५. डॉ. सबनीस यांच्याशी चर्चा.*

"सिस्टर, पेशंटचा नकार मिळाला की आपण तो मानतो. होकार येईपर्यंत विचारत राहायचं, ही जबरदस्ती झाली. नव्या मुलींना हे कोण शिकवतं?"

"मीच, सर."

"मग?"

"त्या दोघांच्या मधे पडून दिलेलं उत्तर आहे ते."

"पेशंट नातेवाइकांच्या मधेच पडलेला असतो. आपल्याकडं एकटा पेशंट बघितलाय तुम्ही कधी?"

"नाही. म्हणून तर."

ते माझ्याकडं बघत राहिले. वाईट माणूस नव्हता. एएलएसच्या पेशंटला घरी पाठवू नका, माझ्या वॉर्डात ठेवा, असं सांगणारा या भागातला तो एकटा डॉक्टर.

"आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणाल्या, तर तो होकार खरा कशावरून?"

हाच काटा मला पण टोचत होता. पंगतीत तिसऱ्यांदा वाढलेली पोळी माणूस भुकेपोटी खात नाही. वाढणारा वाकून उभा राहिलाय म्हणून खातो. पहिला नकार रीत असेल, तर मागाहूनचा होकार पण रीतच. अशा होकारावर गळा कापायचा? आणि मग ती बाई यंत्राला जोडलेली, किती वर्षं कोण सांगणार, आणि पुढं डोळे थांबले की परत कधी नको म्हणता येणार नाही.

"मी विचारणारच नाही," मी म्हणाले.

"मग काय करणार?"

"तक्ता धरणार. अर्धा तास द्या. खोलीत मी सोडून कुणी नको."

"एक वाजता मला उत्तर पाहिजे."

"हो, सर."

"एक म्हणजे एक."

*

भाग्यश्री बाहेर जायला तयार नव्हती. नऊ दिवस ती त्या खोलीत होती. आंघोळीला जाताना पण आप्पांना आत बसवून जायची.

"आईला एकटं सोडायचं? आत्ता? जीव कासावीस झाला तर?"

"मी आहे."

"तुम्ही घरच्या आहात का?"

"नाही. म्हणून मीच बसते."

ती गेली. दार लावून घेताना तिनं ते आपटलं नाही, पण आपटायचा विचार मला ऐकू आला.

तक्ता म्हणजे सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा. पहिल्या तक्त्यावर मी शाळेतल्यासारखं क ख ग घ ङ असं ओळीनं लिहिलं होतं. त्यावर 'पंखा' लिहायला काकींना सात मिनिटं लागली. पंखा बंद होईपर्यंत बाई गारठली असती. मग मी तक्ता बदलला. सारखी लागणारी अक्षरं वरच्या ओळींत, काना-मात्रा खाली, ज्यांना कुणी बोलावत नाही ती अक्षरं काढूनच टाकली. मी ओळीवर बोट ठेवायचे. हवी ती ओळ आली की डोळे वर. मग त्या ओळीतल्या एकेका अक्षरावर बोट. परत वर. माझा एक नियम होता: शब्द कळला तरी आपण पुरा करायचा नाही.

"काकी," मी म्हणाले. "मी काही विचारत नाही. तुम्हाला काय बोलायचं असेल ते बोला. काही नसेल तर डोळे मिटा, मी तक्ता ठेवते."

डोळे उघडे राहिले.

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

क.

पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. यंत्रानं एकदा पिप् केलं. मी मास्कचा पट्टा ओढून घेतला.

फ.

मग बराच वेळ काहीच नाही. डोळे मिटले. ते नाही म्हणून मिटले की झोपेनं, मला कळेना. मी त्यांच्या छातीवर थाप मारली. "काकी. काकी!" उघडले. बुबुळं माझ्यावर यायला दोन श्वास लागले.

को. ण.

मला घड्याळ दिसत होतं आणि मी तिकडं बघत नव्हते.

का. ढ. णा. र.

*कफ कोण काढणार.*

मी पुठ्ठा मांडीवर ठेवला.

नळी बसवा की नको, हे सगळ्यांनी विचारलं होतं. नळीनंतर दिवसातून दहा-बारा वेळा, झोपेतून उठून, कफ ओढून काढावा लागतो, हे डॉक्टरांनी पण सांगितलं होतं. ते कोण करणार, हे कुणी बोललं नव्हतं. आणि आत्ता पण, नळीशिवाय, घशात कफ साठला की मला बोलवायचे. नऊ दिवस घरच्या कुणी त्याला हात लावला नव्हता. मी लावू दिला नव्हता. माझ्या वॉर्डात सक्शन, म्हणजे कफ ओढणं, सिस्टरच करायची. त्याचा मला अभिमान होता.

"खरं सांगते," मी म्हणाले. "घरी गेलात तर आप्पा किंवा भाग्यश्री. मी शिकवीन. सोपं नाही. चुकेल. नळी बसवली तर जास्त वेळा करावं लागेल, वर्षानुवर्षं. बोलणं परत येणार नाही. पुढंमागं डोळे पण थांबतील, तेव्हा हा तक्ता पण उपयोगी पडणार नाही. नळी नाही बसवली तर मास्कवर थोडे दिवस. आठवडे म्हणा. शेवटी गुदमरू नये म्हणून औषध असतं, ते मी देईन."

एवढं सगळं एका दमात मी कुणाला सांगितलं नव्हतं.

डोळे तक्त्याकडं गेले. मी उचलला.

आ. प्पा. ला. ये. ई. ल.

"येईल का, असं विचारताय?"

वर.

*

*१२.२५. पतीस सक्शनचे प्रात्यक्षिक दिले.*

प्रात्यक्षिक! आप्पांना मी अक्षरशः दंडाला धरून आत आणलं.

"मला न्हाई जमायचं, सिस्टर."

"मागावर धागा तुटला तर मग कोण सांधतं?"

"ते यंत्र हाय ओ! ही बाई हाय!"

"हात धुवा. ग्लोव्ह घाला. ही बारीक नळी. इथं अंगठ्याखाली भोक आहे. आत घालताना भोक उघडं, बाहेर काढताना अंगठ्यानं बंद. मास्क निघाला की पंधरा आकडे मोजायचे. पंधराच्या आत मास्क परत तोंडावर. तेवढाच त्यांचा दम."

"अन् सोळा झाले तर?"

"होऊ द्यायचे नाहीत."

भाग्यश्री दारात उभी होती. काकी नवऱ्याकडं बघत होत्या. डोळ्यांवर झोप चढत होती, तरी बघत होत्या.

मी मास्क काढला. "एक. दोन."

आप्पांनी नळी घातली आणि भीतीनं अंगठा आत जातानाच दाबला. गालाचं मांस नळीला चिकटलं. काकींच्या कपाळावर आठी आली. तेवढी एक आठी त्या चेहऱ्यात शिल्लक होती.

"सोडा, अंगठा सोडा! सहा. सात."

"मरंल की ओ ती!"

"आठ. मागं घ्या. परत. उघडं ठेवून. नऊ. दहा."

नळी घशापर्यंत गेली. अंगठा बसला. खर्रर्र करून कफ बाटलीत आला, पिवळा, चिकट, भरपूर. अकरा. बारा. मी मास्क दाबून बसवला. तेरा.

आप्पांनी हातातल्या नळीकडं असं बघितलं, जसं ती दुसऱ्या कुणी तरी धरलीय.

काकींचे डोळे वर गेले.

मी काही विचारलं नव्हतं.

परत वर.

आता विचारणं भाग होतं. "काकी, गळ्यातली नळी बसवायची?"

डोळे मिटले. घट्ट. पापण्यांना सुरकुत्या पडेपर्यंत.

"परत विचारा," आप्पा म्हणाले. "सिस्टर, परत. तिला दुसऱ्यांदा—"

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात काकींनी डोळे उघडले आणि तक्त्यावर नेले.

घ.

री.

"घरी?"

वर.

"नळी न बसवता? मास्क, हे सक्शन, आप्पा. आणि घरी?"

वर. वर.

मला शहानिशा करायची होती. उलट विचारलं, "नळी बसवून घरी?" मिटले. "इथं वॉर्डात राहायचं?" मिटले.

"आई," भाग्यश्री पुढं आली. "घरी काही झालं तर?"

काकी तिच्याकडं बघत राहिल्या. उत्तर आप्पांनी दिलं.

"होणारच हाय, बाळ."

*

*दुपारी १.००.*

"संमती का नकार?" सबनीस सरांनी फॉर्म पुढं केला.

"दोन्ही नाही, सर."

"नळी नको म्हणतायत ना? मग नकारच की."

"नळीला नकार. आपण तेवढंच विचारलं होतं."

मी घरी जाण्याचं सांगितलं, यंत्र कुठून द्यायचं ते सांगितलं, आप्पांचे तेरा आकडे सांगितले. ते ऐकत होते. मग म्हणाले, "सुवार्ता सिस्टर, एक विचारू? सकाळपासून तुम्ही नळीसाठी भांडताय असं मला वाटत होतं."

"मला पण."

"मग कशासाठी भांडत होतात?"

त्यांना मी लाटकरांबद्दल सांगितलं. तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

सदाशिव लाटकर, नऊ महिन्यांपूर्वी, त्याच खोलीत. जमीन मोजणी खात्यातले, एएलएसचेच पेशंट. तीन मुलगे पलंगाभोवती उभे असताना मी त्यांना नळीचं विचारलं. त्यांनी डोळे मिटले. मी सुंदर अक्षरात नकार लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर बघायला लागले. कुणी काही विचारलेलं नसताना. वर, वर, वर. मी विचारलं, तहान? मिटले. पंखा? मिटले. मान? कूस? लघवी? सगळ्याला मिटले, आणि परत वर. एक प्रश्न सोडून मी त्यांना सगळं विचारलं. तो सोडला, कारण त्याचं उत्तर फाइलमध्ये होतं. अडीच वाजता ते गेले.

"त्यांना नळी हवी होती, असं वाटतं तुम्हाला?" सर हळू म्हणाले.

"नऊ महिने मी तसंच धरून चालले होते. आज सकाळी पण. आता ते पण माहीत नाही. हवं ते तिसरंच काही असेल. तक्ता कपाटात होता, सर. मी काढला नाही."

सरांनी फॉर्म उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर घरी सोडण्याचं लिहिलं आणि थिएटरला फोन लावला.

त्या फॉर्मवर आता दोन चौकटींच्या आधी एक ओळ आहे: *तुम्हाला काय विचारायचंय?* आणि त्याखाली: *उत्तर घेताना नातेवाईक खोलीबाहेर.* एवढ्यासाठी तीन वर्षं आणि दोन समित्या लागल्या. अशी ओळ कशाला, असं दर नवी मुलगी विचारते. सक्शन आम्ही पहिल्या दिवसापासून घरच्यांच्या हातात देतो. काही सिस्टरना ते आवडत नाही. मला पण आवडलं नव्हतं.

गिरिजाकाकी घरी एकेचाळीस दिवस राहिल्या.

*

त्या दिवशी तीनच्या सुमाराला अँब्युलन्स पोर्चमध्ये लागली. काकींना आत घेतलं, मास्कचं यंत्र बॅटरीवर टाकलं, सक्शनचं मशीन पायाशी बांधलं. भाग्यश्री पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. दार लावणार एवढ्यात काकींच्या घशात घरघर सुरू झाली.

मी सवयीनं आत चढले. हाताला ग्लोव्ह होताच. नळी उचलली आणि काकींवर वाकले. "काढू का, काकी?"

त्यांनी डोळे मिटले.

घरघर वाढत होती. बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा एकेक घर खाली येत होता. ब्याण्णव, एक्याण्णव. मला दुसऱ्यांदा विचारायचं होतं. शब्द जिभेवर होते.

काकींनी डोळे उघडले आणि बाजूला नेले, आप्पांकडं.

"सिस्टर," आप्पा ग्लोव्ह ओढत म्हणाले. "जरा सरका की."

मी सरकले. त्यांनी मास्क काढला आणि मोठ्यानं मोजायला लागले. अंगठा उघडा होता.